आठ लाईटचा लॅन केबल टेस्टर: नवीन लॅन कार्ड घेण्याआधी हा हातात हवा होता

सुरुवातीलाच सांगते, हा टेस्टर मी नवीन लॅन कार्ड (कॉम्प्युटरमधला, नेटची केबल लावायचा भाग) बसवून झाल्यावर घेतला, आधी नाही, आणि माझे जे दोन आठवडे गेले ते दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून जरा सविस्तर लिहितेय. सहा महिने झाले वापरतेय, घरातल्या आणि ओळखीच्यांकडच्या मिळून बऱ्याच केबल याच्यावर लावून झाल्यात, त्यामुळे काय जमतं आणि काय नाही हे आता नीट माहिती झालंय.

आधी वस्तू काय आहे ते. दोन भाग येतात, एक मोठा आणि एक छोटा, छोटा मोठ्याच्या कडेला सरकवून बसवता येतो. मोठ्यात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, ती सोबत आली नव्हती, वेगळी घ्यावी लागली. बाजूला सरकवायचं बटण आहे, त्याला बंद, चालू आणि स्लो अशा तीन जागा. दोन्ही भागांवर लाईटची एक एक रांग, १ ते ८ आणि शेवटी एक जी. केबलचं एक टोक मोठ्यात घालायचं, दुसरं छोट्यात, बटण चालू केलं की एक एक वायर तपासत लाईट पळायला लागतात. दोन्हीकडे १, २, ३ असे बरोबरीने पळाले म्हणजे वायर सलग आहेत आणि क्रमही बरोबर आहे. एखादा नंबर लागलाच नाही तर ती वायर तुटलीय. इकडे ३ लागतोय आणि तिकडे ६, तर क्रम वेगळा आहे. जी फक्त शील्डवाल्या (वायरभोवती धातूचं आवरण असलेल्या) केबलला लागतो, साध्या केबलला लागत नाही, त्यामुळे तो बंद दिसला म्हणून केबल नापास समजू नका. कंपनीचं नाव मी मुद्दाम देत नाहीये कारण हे एकाच साच्यातले टेस्टर कितीतरी नावांनी मिळतात आणि आतून जवळजवळ सारखेच असतात.

आता हा घ्यायची वेळ का आली ते.

माझा डेस्कटॉप केबलने राउटरला जोडलेला आहे, दिवसभर मीटिंग असतात त्यामुळे वायफायवर मी विसंबून राहत नाही. एके दिवशी मधेच नेट जायला लागलं. जायचं म्हणजे कसं, खालच्या कोपऱ्यात लाल फुली यायची, केबल अनप्लग्ड असं म्हणायचं, दहा पंधरा सेकंदांनी परत जोडलं जायचं, मग कधी पाच मिनिटं ठीक, कधी तासभर ठीक, आणि परत तेच. केबलला मी हातसुद्धा लावलेला नसायचा. मीटिंगमध्ये बोलता बोलता मी गायब आणि समोरचे हॅलो हॅलो करतायत.

नेहमीचं जे सगळे करतात ते सगळं केलं. राउटर बंद चालू केला. राउटरवरचा पोर्ट बदलून बघितला. ड्रायव्हर काढून परत टाकला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन लॅन कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढली, ती वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करायला परवानगी देणारी, कारण त्याने पण असं मधेमधे तुटतं. अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट बंद केलं. कॉम्प्युटर बंद करून मेन वायर काढली, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरलं आणि मग चालू केला. हे शेवटचं बऱ्याच जणांना माहिती नसतं पण खरंच करून बघण्यासारखं आहे, कारण कॉम्प्युटर बंद असतानाही लॅनच्या चिपला थोडी वीज मिळतच राहते आणि ती कधी कधी अडकलेल्या अवस्थेत राहते, नुसत्या रीस्टार्टने ती सुटत नाही. माझ्या बाबतीत मात्र यातल्या कशाचाच फरक पडला नाही.

मग धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तीच केबल जुन्या लॅपटॉपला लाव. तिथे चालली तर केबल ठीक आहे, मग तुझं कार्ड गेलंय." बरोबर वाटलं. तीच केबल, राउटरचा तोच पोर्ट, जुन्या लॅपटॉपला लावली आणि संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवली. एकदाही तुटलं नाही. एकदाही! मग काय, केबल चांगली, कार्ड खराब, विषय संपला, भावाने पण तेच सांगितलं आणि मी नवीन पीसीआय एक्सप्रेसचं लॅन कार्ड मागवलं. आलं, केस उघडून बसवलं, बायोसमध्ये जाऊन मदरबोर्डवरचं लॅन बंद केलं, नवीन कार्डाला केबल लावली. वीस मिनिटांत परत लाल फुली.

इथे जो घोळ झाला तो समजून घेण्यासारखा आहे कारण केबल दुसऱ्या मशीनला लावून बघा हा सल्ला प्रत्येकजण देतो आणि तो चुकीचा नाहीये, फक्त अर्धा आहे. लॅन केबलमध्ये आठ वायर असतात, दोन दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या फक्त दोन जोड्या लागतात, पिन १-२ आणि पिन ३-६ वाल्या. ४-५ आणि ७-८ नुसत्या पडून असतात. गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएस, त्याचं केबलवरचं स्टँडर्ड १९९९ चं आहे) चारही जोड्या लागतात, सगळ्या एकदम. आता माझा जुना लॅपटॉप म्हणजे १०/१०० पोर्टवाला, त्याला गिगाबिट येतच नाही. म्हणजे तो रात्रभर मस्त चालला तो चार वायरवर, उरलेल्या चार असल्या काय नि नसल्या काय त्याला काहीच फरक नव्हता. आणि माझ्या केबलमधली तुटलेली वायर नेमकी त्या उरलेल्या चारातली होती.

त्याच्यापुढचं तर मला खूपच इंटरेस्टिंग वाटलं. केबल लावल्यावर दोन्ही टोकं आधी आपसात ठरवतात की कुठल्या स्पीडने बोलायचं, त्याला ऑटो निगोशिएशन म्हणतात, आणि हे बोलणं सुरुवातीला १-२ आणि ३-६ याच जोड्यांवर होतं. त्या चांगल्या असतात, त्यामुळे इकडून कार्ड म्हणतं मला गिगाबिट येतं, तिकडून राउटर म्हणतो मला पण येतं, ठरलं, आणि मग प्रत्यक्ष चारही जोड्यांवर गिगाबिट सुरू करायला जातात तेव्हा एक जोडी मुकी. लिंक लागत नाही. परत पहिल्यापासून. काही कार्डांत अशी सोय असते की दोन चार वेळा फसलं की ते आपणहून १०० वर उतरतं, म्हणून बऱ्याच लोकांना नेट चालतंय पण स्लो आहे एवढंच दिसतं आणि ते इंटरनेटवाल्याशी भांडत बसतात. आणि वायर पूर्ण तुटलेली नसून कधी चिकटते कधी सुटते अशी असेल, तर गिगाबिट लागतं, चालतं आणि मधेच पडतं. माझं तेच होत होतं.

हे मला तेव्हा माहिती नव्हतं. नवीन कार्डावर पण तुटायला लागलं तेव्हा मी अॅडॉप्टरच्या स्टेटसमध्ये स्पीड बघायला लागले (कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्क कनेक्शन उघडून त्या अॅडॉप्टरवर डबल क्लिक केलं की दिसतो, लिनक्सवर इथटूल कमांडने) आणि लक्षात आलं की कधी तिथे १.० जीबीपीएस असतं आणि कधी तुटून परत जोडल्यावर १०० एमबीपीएस. आणि १०० वर असताना तुटत नाही! तेवढ्यावरून संशय केबलवर गेला. जाता जाता, मी मधे एक दिवस स्पीड अँड डुप्लेक्समध्ये जाऊन जबरदस्तीने १०० फुल डुप्लेक्स करून ठेवलं होतं (फुल म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात, हाफ म्हणजे आळीपाळीने), तुटणं एकदम थांबलं, पण मोठी फाइल कॉपी करायला गेले तर रांगत होतं. त्याचं कारण असं की इकडे आपण स्पीड ठोकून बसवला की ते आपसात ठरवणं बंद पडतं, राउटर ऑटोवरच असतो, त्याला १०० हे ओळखता येतं पण फुल की हाफ ते कळत नाही, मग तो हाफ धरतो, आणि एक बाजू फुल एक बाजू हाफ असं झालं की पिंग (समोरून उत्तर येतंय का बघायची छोटी चाचणी) ठीक दिसतं पण जरा लोड आला की सगळं घसरतं. त्यामुळे हा उपाय म्हणून कायमचा ठेवू नका, तपासायला एखादा तास ठीक आहे. मी लगेच ऑटोवर परत आणलं.

तर मग टेस्टर मागवला.

बॅटरी घातली, केबलचं राउटरकडचं टोक काढून छोट्या भागात घातलं, डेस्कटॉपकडचं टोक मोठ्यात, आणि टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बटण स्लोवर सरकवलं. १, २, ३, ४, ५, ६, ७, ८. सगळे लागले. खरं सांगते, पोटात खड्डा पडला, म्हटलं आता काय राहिलं, राउटर? पण मग मी केबल एका टोकापासून बोटांत धरून थोडी थोडी वाकवत पुढे सरकायला लागले, नजर छोट्या भागावर. राउटरकडचं टोक सगळं ठीक, मधलं सगळं ठीक. डेस्कटॉपकडच्या प्लगपासून साधारण वीतभर अंतरावर आले आणि वाकवली तर ६ नंतर एकदम ८. सातची जागा काळी. सरळ केली, सात आला. डावीकडे वाकवली, सात गेला. उजवीकडे, आहे. मी तिथेच बसून ते चार पाच वेळा केलं. ६, मग एक टप्पा अंधार, मग ८. दोन आठवडे जे मला कुठल्याही स्क्रीनवर दिसलं नव्हतं ते इथे एका छोट्या हिरव्या लाईटने दाखवलं. सात म्हणजे तपकिरी पट्ट्याची पांढरी वायर. ती जागा नेमकी टेबलाच्या पायाजवळची, खुर्ची मागे सरकवली की तिचं चाक तिथे केबलवर यायचं. वरचं आवरण जरा चपटं झालेलं होतं, पण फाटलेलं नाही, त्यामुळे नुसतं बघून कधीच कळलं नसतं.

म्हणून पहिली गोष्ट, हा टेस्टर नुसता लावून आठ लाईट मोजू नका. केबल हलवत, वाकवत बघा, विशेषतः दोन्ही प्लगच्या मागची वीतभर जागा आणि जिथे ती दाराखालून किंवा फर्निचरच्या कोपऱ्यावरून जाते ती जागा. आणि स्लोवरच ठेवा, नेहमीच्या स्पीडने लाईट एवढ्या भराभर पळतात की एखादा गळला तर डोळ्याला चुकतो. मात्र स्लोवर प्रत्येक वायरची पाळी यायला वेळ लागतो, त्यामुळे एका जागी वाकवून धरली की पूर्ण एक फेरी होऊ द्यायची आणि मगच पुढे जायचं.

खराब वीतभर तुकडा कापला, नवीन प्लग क्रिंप केला (वायर आत घालून पकडीने दाबून बसवला), टेस्टरवर परत लावला, कितीही हलवली तरी आठच्या आठ. डेस्कटॉपला लावली, १.० जीबीपीएस, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत लाल फुली नाही. मदरबोर्डवरचं लॅन परत चालू केलं, तेही तितकंच छान चालतंय, म्हणजे ते कधी बिघडलेलंच नव्हतं. नवीन कार्ड आता दुसऱ्या मशीनमध्ये आहे.

आता याच्या मर्यादा, आणि ही बाजू जास्त महत्त्वाची आहे कारण बरेच जण आठ लाईट लागले म्हणजे केबल पास असं समजतात.

हा टेस्टर फक्त वायर सलग आहे का आणि क्रमाने आहे का एवढंच सांगतो. ती केबल गिगाबिट झेपवेल का हे तो सांगू शकत नाही. याचा अनुभव मला दोन महिन्यांनी आला. एका मैत्रिणीकडे तिच्या ओळखीच्या कुणीतरी घरात केबल टाकून दिली होती, तिच्याकडे लिंक लागायची पण फाइल पाठवताना अतिशय हळू, आणि मधेच तुटायची पण. मी टेस्टर घेऊन गेले, लावला, १ ते ८ दोन्हीकडे एकदम सरळ. हलवून बघितली, तरी सरळ. मग मी प्लगच उजेडात धरला, तो पारदर्शक असतो, आतले रंग दिसतात, आणि बघते तर रंग असे लावलेले: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच. दिसायला किती व्यवस्थित, रंगाशेजारी रंग! आणि नेमकं हेच चूक आहे. बरोबर क्रम, जो टी५६८बी म्हणून सगळीकडे वापरतात, तो पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा आहे. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी बसते, कारण सिग्नलची जोडी पिन ३ आणि ६ ची आहे, ३ आणि ४ ची नाही.

त्याने फरक काय पडतो? जोडीतल्या दोन वायर एकमेकींभोवती पिळलेल्या असतात ते उगाच नाही, एकातून जाणारा सिग्नल आणि दुसरीतून जाणारा उलटा सिग्नल एकत्र असले की बाहेरचा गोंधळ दोघींवर सारखाच बसतो आणि पलीकडे वजा होऊन जातो. इथे एका जोडीतली एक वायर हिरव्या पिळातली आणि दुसरी निळ्या पिळातली अशी झाली होती, म्हणजे पीळ असून नसल्यासारखा, आणि दोन जोड्या एकमेकींत बोलायला लागल्या. याला स्प्लिट पेअर म्हणतात. बॅटरीच्या करंटला याने काही फरक पडत नाही, वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत जातेय ना, झालं, टेस्टर खूश. डेटाला मात्र पडतो. तिच्या लिनक्सवाल्या मशीनवर इथटूलने कार्डाचे आकडे काढले तर सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडून पोहोचलेल्या डेटाचा, आकडा बघता बघता वाढत होता. दोन्ही टोकं कापून बरोबर क्रमाने क्रिंप केली, एररचा आकडा जिथल्या तिथे थांबला.

त्यामुळे टेस्टर पास म्हणाला तरी प्लगमधले रंग डोळ्यांनी बघा. आणि पीळ किती उलगडलाय ते पण, कॅट ५ई मध्ये (गिगाबिटला चालणारा नेहमीचा केबलचा प्रकार) प्लगजवळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये म्हणतात, पण क्रिंप करायला सोपं जातं म्हणून लोक बोटभर उलगडून ठेवतात.

दुसरं, केबल तांब्याची आहे की अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली हे याला कळत नाही. त्या मुलाम्याच्या केबलवर बऱ्याचदा सीसीए असं छापलेलं असतं, आणि छापलेलं नसेल तर वायर ब्लेडने जरा खरवडा, आत पांढरी निघाली तर तीच. तिचा रेझिस्टन्स जास्त असतो आणि चार वेळा वाकवली की तुटते. टेस्टर तिलाही आठ लाईट देतो. लांबी पण हा मोजत नाही, १०० मीटरच्या पुढची केबल असली तरी बिचारा पास करेल. वायर नेमकी किती मीटरवर तुटलीय हे सांगणारे टेस्टर वेगळे, ते सिग्नल पाठवून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. भिंतीतल्या लांब केबलसाठी तसला हवा, टेबलाभोवतीच्या केबलला बोटं पुरतात. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एक, कर्नल ५.८ पासून इथटूलमध्येच केबल टेस्टचा पर्याय आलाय, कार्डाच्या चिपला येत असेल तर ते स्वतःच कुठली जोडी तुटलीय आणि अंदाजे किती अंतरावर ते सांगतं. सगळ्या चिपांना येत नाही, पण करून बघायला काही जात नाही.

तिसरं, आणि हे नीट वाचा. चालू केबलला हा लावायचा नाही. म्हणजे एक टोक टेस्टरमध्ये आणि दुसरं अजून राउटर किंवा स्विचमध्ये, असं नको. एक तर त्याने काही अर्थाचं कळत नाही, आणि दुसरं म्हणजे त्या पोर्टवर पीओई असेल, कॅमेऱ्याला किंवा छतावरच्या वायफायला केबलमधूनच वीज देतात ती, तर तिथे पन्नास व्होल्टच्या आसपास असू शकतं. नियमाने चालणारा पीओई स्विच आधी समोर कोण आहे ते तपासून मग वीज सोडतो, पण साधे इंजेक्टर (केबलमध्ये वीज घालणारे छोटे डबे) असतात ते सरळ सोडूनच देतात, आणि टेस्टर ९ व्होल्टवर चालणारा आहे. दोन्ही टोकं काढा, मग लावा.

तसंच यात बाजूला फोनच्या वायरसाठी छोटा सॉकेट पण आहे. फोनचा छोटा प्लग मोठ्या लॅनच्या सॉकेटमध्ये पण जातो, पण घालू नका, त्याच्या कडेचं प्लास्टिक पहिली आणि आठवी पिन दाबून टाकतं. कॉम्प्युटरच्या पोर्टबाबतही तेच. मोबाईलचा टॉर्च लावून पोर्टच्या आत बघा, आठही पिना एका रेषेत उभ्या दिसल्या पाहिजेत, एखादी खाली बसलेली किंवा शेजारणीला चिकटलेली असेल तर केबल कितीही चांगली आणा.

घडणीबद्दल. प्लास्टिक हलकं आहे, बॅटरीचं झाकण सैल आहे, मी चिकटपट्टी लावून ठेवलीय. आपोआप बंद व्हायची सोय नाही, मी एकदा चालू ठेवून विसरले आणि सकाळी बॅटरी उतरलेली. उतरत आलेल्या बॅटरीवर लाईट इतके मंद लागतात की लागला का नाही हेच कळत नाही, त्यामुळे काही विचित्र दिसलं तर आधी एखादी खात्रीची केबल लावून टेस्टर तपासून घ्या. खिडकीशेजारी उन्हात तर लाईट दिसतच नाहीत, हाताने आडोसा करावा लागतो. सॉकेट मात्र चांगले आहेत, इतक्या वेळा घालून काढूनही क्लिप टक्क आवाज करून बसते. छोटा भाग सुटा होतो हीच याची सगळ्यात कामाची गोष्ट आहे, भिंतीतून दुसऱ्या खोलीत गेलेल्या केबलच्या त्या टोकाला तो लावून ठेवायचा आणि मोठा इकडे. फक्त एकटं असाल तर लाईट बघायला छोट्याकडे जावं लागतं, मी मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून तिथे ठेवते, इकडे येऊन केबल हलवते आणि मग बघते.

कुणी घेऊ नये तेही सांगते. तुमच्या पोर्टचे लाईट नीट लागलेत, स्टेटसमध्ये १.० जीबीपीएस दिसतंय, तासन्‌तास तुटत नाहीये आणि तरी नेट नाही, तर केबलचा संबंध असण्याची शक्यता फार कमी. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाकून बघा, पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही आणि त्याने स्वतःचा स्वतः घेतलाय, मग राउटरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी सोय, बघा. पत्ता ठीक आहे, राउटरला पिंग जातंय पण साइट उघडत नाही, तर अडचण राउटरच्या पलीकडे किंवा डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सोयीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळं चिन्ह आणि कोड १० असेल तर आधी ड्रायव्हर. आणि कार्ड तिथे दिसतच नाही, बायोसमध्ये चालू असूनही नाही, शिवाय आदल्या दिवशी जोरात वीज कडाडली होती, तर बहुतेक पोर्ट गेलाय, लांबच्या केबलमधून असा झटका येतो, तिथे नवीन कार्डच लागेल. आणि ते घेताना त्याच्यावरच्या चिपचा ड्रायव्हर तुमच्या सिस्टिमला मिळतो का ते बघून घ्या, खोक्यावरच्या नावापेक्षा चिपचं नाव जास्त कामाचं.

पण लाल फुली येते जाते, किंवा गिगाबिटचं कार्ड आणि गिगाबिटचा राउटर असून स्पीड १०० वर अडकलाय, या दोन लक्षणांना कार्ड मागवायच्या आधी केबल टेस्टर. केबल दुसऱ्या मशीनला लावून बघणार असाल तर ते मशीन गिगाबिटचं आहे ना ते आधी बघा, आणि तिथेही नुसतं नेट चाललं यावर समाधान मानू नका, स्पीड किती लागला ते वाचा. भावाने आता हाच टेस्टर स्वतःसाठी पण मागवलाय.

पाचपैकी चार देईन. एक कापला तो बॅटरीचं झाकण आणि आपोआप बंद न होणं यासाठी, स्प्लिट पेअर कळत नाही म्हणून नाही, ते या प्रकारच्या टेस्टरचं कामच नाहीये. आणि घेतलात तर छोट्या भागाला पहिल्याच दिवशी दोरी बांधून मोठ्याला अडकवा, माझा एकदा कपाटामागे पडला होता तो शोधायला अख्खं कपाट हलवावं लागलं.